उसाची तीन पेरं

...आणि तिसरं पेर चावून झालं तरी एस्तेरे बाहेर येईना, तेव्हा लामेकीनं चोथा असा थुंकला, की समोरची कोंबडी उडून छपरावर जाऊन बसली.

गेले पंधरा दिवस त्याचा हाच उद्योग. बायको कुणाच्या घरात शिरली की आंब्याआड उभं राहून ऊस सोलायचा, ती बाहेर आली की थांबायचं. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं, आणि संशयाला ते लागतही नाही. शिंपिणीकडे एक पेर. म्हाताऱ्या नाबांडाकडे एक पेर. वायसनकडे मात्र तीन! हा वायसन कुदळीचे दांडे तासायचा, चर्चमध्ये वरच्या पट्टीत गायचा. बायको गेल्या साली वारलेली, म्हणजे घरात एकटाच. लामेकीला ऊस कडू लागायला एवढं पुरे होतं.

आता एस्तेरेचं काम असं, की एचआयव्हीच्या गोळ्या नदीपलीकडच्या दवाखान्यातून आणून गावात पोचवायच्या, आणि कोण घेतं, कोण चुकवतं त्यावर नजर ठेवायची. पण गोळ्यांच्याच घरी गेली, तर ती घरं गावाला कळणार. म्हणून ही बाई बावीसच्या बावीस घरी जायची. कुठे बाळाचं वजन, कुठे मच्छरदाणीचं भोक, कुठे नुसती गुडघ्यांची तक्रार. एकदा नाबांडा खेकसली, "मला काहीएक झालेलं नाही, नीघ!" तर ही म्हणते, "म्हणून तर आले, आजी. रडकी तोंडं बघून कंटाळले." पुढच्या खेपेला म्हातारी भुईमूग भाजून दारात वाट बघत बसलेली.

लामेकीच्या दारात मात्र ती गोळ्यांची निळी पिशवी घेऊन कधी बसली नाही. घरी आली की पिशवी उंच खुंटीवर. त्याला हात लावायची बंदी.

"लग्न माझ्याशी आणि संसार पिशवीशी," तो म्हणायचा.

"पिशवी टोमणे मारत नाही," ती म्हणायची.

त्या मलावीच्या मुलखात नवराच बायकोच्या गावी नांदायला येतो. सगळेच घरजावई, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही. पण बिनसलं, तर चटई आणि कुऱ्हाड उचलायची आणि आईच्या गावची वाट धरायची. निवाडा करतात दोघांचे मामा. लामेकीनं त्या दोघांना बोलावणं धाडलं, आणि आंब्याखाली बैठक बसली. गाव काय, बोलावल्याशिवायच जमलं.

"मामा, सगळीकडे एक पेर, वायसनकडे तीन!" लामेकीनं बोटं नाचवली. "विचारा हिला, काय करते तिथं!"

"घरजावई म्हणून आणला, की वैरण खायला?" एस्तेरेचा मामा म्हणाला. "पंधरा दिवस ऊसच चघळतोयस!" लोक हसले. मग तो भाचीकडे वळला. "पण पोरी, उत्तर दे. नाही दिलंस, तर हा आज चटई उचलतो."

एस्तेरे पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. लामेकीनं मामांकडे हात केला. "बघा, बोलवत नाही!"

तेवढ्यात शिंपीण शेजारणीच्या कानाला लागली, पण आवाज तिचा मुळातच मोठा. "या वायसनची बायको कशानं गेली गं? हासुद्धा किती वाळलाय."

दहा माना वायसनच्या दाराकडे वळल्या.

एस्तेरे ताडकन उभी राहिली. "बावो खेळते मी त्याच्याशी! घरी हे मला शिकवतात का? म्हणतात, बायकांना बिया मोजता येत नाहीत. तीन डाव हरले, म्हणून तीन पेरं लागली."

बावो म्हणजे पाटाच्या खळग्यांतून बिया फिरवायचा, पुरुषांनी झाडाखाली बसून खेळायचा डाव. बायकांनी हसून हसून पदर तोंडात कोंबले. वायसनच्या दाराकडे बघायचं सगळ्यांनी सोडलं. "बाईमाणूस आणि बावो!" म्हणत मामांनी तिला दंड ठोठावला, दोघा मामांना कोंबडी खाऊ घालायची. ती खाऊन लामेकीचा मामा सायकलवर टांग टाकून गेलासुद्धा.

लामेकी मात्र चुलीपाशी बसून राहिला. बावोचा पाट झाडता झाडता हिनं दहा वेळा बिया सांडल्या होत्या, आणि कुठली कुठल्या खळग्यात हे एकदाही हिला लावता आलं नव्हतं. दोन्ही मामांसमोर खोटं बोलली, आणि तेही त्या गाणाऱ्यासाठी!

"तियामिकेच्या आई," तो म्हणाला, "गाव राहू दे. मला एकट्याला सांग. काय करतेस तिथं? नाहीतर ही चटई अन् ही कुऱ्हाड."

एस्तेरेनं खुंटीवरची पिशवी काढून मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि म्हणाली, "तियामिकेच्या बा, उद्या या पिशवीत तुमच्या नावाची डबी आली, तर मी तुमच्यापाशी किती वेळ बसते ते कुणी ऊस खात मोजलेलं चालेल तुम्हाला?"