सहज बंद झालेला बोल्ट

एके काळी मी स्वतःच्या नवऱ्याचा डोळा फोडायची जय्यत तयारी केली होती, आणि वर त्या तयारीला हळदकुंकूही वाहिलं होतं. भांडण नव्हतं हो; नवं लग्न, भांडण्याइतकी ओळख तरी कुठे झाली होती! निव्वळ हुशारी. माहेरी शिवणयंत्र खोलून पुन्हा जोडलं होतं, तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला कारखानदार समजत असे.

आज ते आठवलं शेजारच्या भैयांमुळे. निवडणूक लागली की आमच्या नगरा मोहल्ल्यातले लोक परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला निघतात. भैया जुन्या चादरीत रायफल गुंडाळून अंगणात टेकले आणि म्हणाले, "चाचीजी, ज़रा पानी पिला दीजिए." चादरीतून तो वास आला, तेलाचा, थंड लोखंडाचा, थोडा जळकट. मी पाणी आणेपर्यंत त्यांनी रायफल रिकामी असल्याची खात्री करायला नळी मागून बंद करणारा दांडा, म्हणजे बोल्ट, मागे ओढून पुढे लोटला. खट्. माझ्या हातातला तांब्या कलंडला. "डर गईं चाचीजी? खाली है!" म्हणून भैया हसले. मीही हसले. आता या वयात त्यांना काय सांगायचं, की मला भीती भरलेल्या बंदुकीची कधीच वाटली नाही. वाटते ती त्या आवाजाची.

तेव्हा आम्ही जुन्या शहरात, खंडेराव गेटच्या आत राहत होतो. सासरचे मूळ पुरुष शिपाईगिरी करत दक्षिणेतून इकडे उत्तरेत आलेले. पुढे कुणी कारकून झालं, कुणी मास्तर; पण खंडेनवमीला पाटावर शस्त्रं मांडायचा रिवाज कुणी सोडला नाही. त्यात एक रिकामी म्यान असे. सत्तावनच्या धामधुमीत घरातला एक जण तलवार उपसून बाहेर पडला तो परतलाच नाही, म्यान तेवढी मागे राहिली. सासूबाई तिला सगळ्यांआधी कुंकू लावत आणि क्षणभर दाराकडे बघत, जणू कुणी चपला काढतंय. त्या पोकळ म्यानेकडे बघून माझ्या अंगावर काटा येई, आणि तो लपवायला मी उगाच बडबड करी.

म्यानेशेजारी मामंजींची रायफल. सासरे पलटणीच्या कारखान्यात हत्यारं दुरुस्त करून निवृत्त झालेले. दसऱ्याच्या सकाळी गावाबाहेरच्या आमच्या शेतात मातीच्या ढिगाऱ्यावर पहिली गोळी घरच्या मुलाने, म्हणजे आता ह्यांनी, झाडायची, मग सीमोल्लंघन, अशी घरची रीत. त्या वर्षी मामंजी ग्वाल्हेरला नातलगांकडे गेलेले आणि मी रायफल पुसताना पाहिलं, तर काडतूस ओढून काढणारा बोल्टवरचा चिमटा तुटलेला. बोल्टच्या टोकाला एक तुकडा आट्यांनी बसवलेला असतो. मामंजी त्याला मुंडी म्हणत, आणि तो चिमटा त्या मुंडीवर असतो. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात सुट्या मुंड्या होत्या, प्रत्येकीवर आकडा कोरलेला. आकडा कशाचा, हा प्रश्न बाईसाहेबांना पडला नाही. सगळ्यांत चकचकीत दिसली ती निवडली.

"सूनबाई, बंदुकीचं पोट फाडून बसलीस होय? आणि करंज्यांचं सारण कोण ढवळणार?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. मी जुनी मुंडी काढली, नवी बसवली, एक रिकामी पुंगळी नळीत सारली आणि बोल्ट लोटला. लोण्यात सुरी जावी तसा बंद झाला. खट्. इतका मऊ आवाज! दुसऱ्या दिवशी नवमीला त्याच चकचकीत मुंडीवर मी कुंकवाचं बोट टेकलं आणि नवऱ्याकडे असा कटाक्ष टाकला की, बघा, काय रत्न पदरात पडलंय.

दसऱ्याला शेतावर निघायच्या बेतात असताना मामंजी पहिल्या गाडीने येऊन दारात उभे. बूट न काढताच त्यांनी पाटावरच्या रायफलीचं कुंकू पाहिलं, कुंकवाखालची चकाकी पाहिली.

"हे कोणी बदललं?"

"मी!" केवढा तो अभिमान.

"गेज लावून बघितलंस?"

"गेज कशाला मामंजी? मस्त बंद होतंय की."

"मस्त," ते नुसतं म्हणाले. मॅगझिन काढून ठेवलं. नळी आधी डोळ्याने, मग करंगळीने चाचपून रिकामी असल्याचं पाहिलं, मुंडीवरचा चिमटा सोडवला आणि मखमली पिशवीतून दोन पोलादी गेज, मापाचे ठोकळे, काढले. "यातल्या पहिल्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा. दुसरा केसभर जाड आहे, त्यावर होता कामा नये. जोर लावायचा नाही, बोटाच्या ओझ्याने लोट. तूच लोट."

पहिल्यावर बंद झाला. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. दुसरा आत गेला. मी बोट टेकवलं, आणि बोल्ट तितक्याच मायेने, तितक्याच मऊपणे खाली बसला. खट्. सासूबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. ज्याचं मला कौतुक होतं ते सहज बंद होणं हाच दोष होता. डब्यातले आकडे मुंडीच्या लांबीचे होते; मी बसवलेली आखूड, म्हणून काडतुसाच्या बुडामागे जागा उरलेली. गोळी सुटताना काडतूस त्या जागेत ताणलं जाऊन फाटतं, आणि धग मागे येते, जिथे गाल टेकलेला असतो, डोळा लागलेला असतो. मामंजींनी हे पाढे म्हणावेत तसं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या वर्षी गोळी झाडली नाही; नुसतंच शेताला वळसा घालून आलो.

पुढे त्यांनी मला प्रत्येक मुंडी गेजने जोखून निवडायला शिकवलं आणि मी शिकलेही. पण शिकल्याने आवाज गेला नाही. कपाटाची कडी लागली, डब्याचं झाकण बसलं, की मला रायफलीच्या दस्त्यावर टेकलेला ह्यांचा तो तरणा गाल दिसतो. तो गाल पुढे माझ्यादेखत सुरकुतला, दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला, आणि शेवटी मीच ते डोळे मिटले. सगळं रीतसर, म्हातारपणी. तरी मी कधी कधी जे घडलंच नाही त्याच्या सुतकात बसलेली असते. घडून गेलेलं काळ हळूहळू झिजवतो. न घडलेलं मात्र तसंच कोरं राहतं.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला हे माझ्यापाशी आले, तेव्हा न राहवून मी विचारलं होतं, "अहो, आज मामंजी आलेच नसते, तर तुम्ही झाडण्याआधी एकदा तरी उघडून बघितलं असतंत ना?" माझ्या ओंजळीत पानं ठेवत ते अगदी सहज, हसून म्हणाले,

"छे गं! तू बसवलं होतंस ना? मग मी कशाला बघू?"