अर्जातला ‘नाही’

ती घटना आजही आठवते, ती अर्जातल्या एका शब्दामुळे.

मुळशी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. नेरे गावातल्या एका पोराची चारित्र्य पडताळणी आली. संरक्षण खात्याच्या एका संस्थेत तो तंत्रज्ञ म्हणून निवडला गेला होता. जागा गोपनीय कामाची, म्हणून अर्ज लांबलचक. त्यात एक रकाना होता: अमली पदार्थांचे सेवन कधी केले आहे काय? पोराने लिहिले होते, ‘नाही’. तो घरातला पहिला पदवीधर. मीही माझ्या घरातला पहिलाच, त्यामुळे अर्ज हातात घेताना बरं वाटलं, हे कबूल करतो.

गुन्ह्यांच्या नोंदीत नाव नव्हतं. सही करणार, तोच ठाण्यात निनावी फोन आला. पोरगा गांजा ओढायचा, नीट चौकशी करा, एवढं बोलून बंद.

मी स्वतः गावात गेलो. पाच घरी विचारलं. पाचही जण म्हणाले, ‘सुपारीचं खांड खात न्हाई पोरगं.’ तिथेच मी सावध झालो. माणूस मनाने बोलतो तेव्हा कौतुकासोबत एखादी खोडही सांगतो. तापट हाय, उशिरा उठतो, असं काहीतरी. पाच तोंडांत एकच वाक्य म्हणजे कुणीतरी घरोघर फिरून पढवलेलं. बाप फिरला होता. पोराचं भलं करायला निघाला आणि माझी शंका पक्की करून बसला.

दुसऱ्या दिवशी बापलेकांना बोलावलं. प्रश्न पोराला आणि उत्तर बापाचं, असं अर्धा तास चाललं. शेवटी बापाला बाहेर बाकावर बसवलं. अर्ज पोरासमोर ठेवला आणि मी गप्प राहिलो. चौकशीत आवाज चढवण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं. त्याची नजर त्या रकान्यावरून हलेना.

मग म्हणालो, ‘गांजा ओढला होतास म्हणून नोकरी जाईलच असं नाही. कधी, किती, सोडून किती दिवस झाले, हे खात्याचे लोक बघतात. पण खोटं लिहिलंस, तर ते ज्याला माहीत आहे तो तुझा मालक होतो. उद्या त्यानं संस्थेतला गोपनीय कागद मागितला तर काय करशील?’

पोराने अर्ज बाजूला सारला.

‘साहेब, त्यानं मागितलंय. कागद न्हाई. जमीन.’

हकीकत अशी. कॉलेजात असताना, त्यांच्याच माडीवर भाड्याने राहणाऱ्या एका जमीन एजंटाबरोबर तो चार-पाच महिने गांजा ओढत होता. दोन वर्षांपूर्वी सोडला. निवड झाल्याचं कळताच एजंटाने धमकावलं: रस्त्याकडेचा तुकडा विकायला बापाची सही आण, नाहीतर नोकरी विसर. पोराने टाळाटाळ केली, म्हणून ठाण्यात फोन. बापाला गांजाचं माहीत होतं, धमकीचं नव्हतं.

बापाला आत घेतलं. तो शिव्या घालेल असं वाटलं होतं. सगळं ऐकून खाली बघत म्हणाला, ‘सुपारीचं मीच पढवलं व्हतं साहेब. चुकलं.’

पोराने खरा जबाब लिहून दिला. धमकीची तक्रार लिहून घेत असतानाच त्याचा फोन वाजला. एजंटच होता. मी स्पीकर लावायला सांगितला. काय ठरलं, असं त्याने विचारलं.

बाप पुढे झाला. ‘आमी समदं ठाण्यात लिवून दिलंय. आता तुझ्याकडं सांगायला काय ऱ्हायलं?’

पलीकडून फोन बंद झाला.

अहवालात मी दोन्ही लिहिलं: सेवन केलं होतं, आणि स्वतः कबूल केलं. पहिलं गाळावं असं मनात येत होतं. गाळलं असतं तर एजंटाच्या जागी मी जाऊन बसलो असतो.

गोपनीय जागा पोराला मिळाली नाही. फेरचौकशी, वैद्यकीय तपासणी होऊन आठ महिन्यांनी त्याला त्याच संस्थेच्या साध्या कार्यशाळेत घेतलं. माणसाची जुनी चूक त्याला जेवढी अडवत नाही, तेवढी ती झाकण्याची धडपड अडवते, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

बाप पेढे घेऊन ठाण्यात आला. मी गमतीने विचारलं, पोरगा कसा आहे?

‘चांगला हाय,’ तो म्हणाला. मग पेढ्यांचा पुडा पुढे करत, ‘पर साहेब, लई आळशी हाय.’