पेशीबाईंच्या हातचा रोट

आमच्या विज्ञानाच्या बाई कुणाला "कशी आहेस?" असं कधी विचारत नसत. "काल नवं कुणाशी बोललीस?" असं विचारत. उत्तर आलं नाही की त्यांच्या कपाळाला आठ्या. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मराठी शाळेत आम्ही सगळी खानदेशातून आलेल्या कामगारांची पोरं. नवं बोलणार कुणाशी, मिलच्या भोंग्याशी? पण बाई हट्ट सोडत नसत. धडा कुठलाही असो, गाडी पेशीवर येऊन थांबायची, म्हणून त्या पेशीबाई.

मज्जापेशी शिकवताना त्या खडू खाली ठेवायच्या आणि दोन मुलींना समोरासमोर उभं करायच्या. "ही पेशी. हिनं हात लांब केला. तो पोचला, तर पलीकडची पेशी हिला एक प्रथिन देते. त्यावर ही जगते, वाढते. नाही पोचला, तर सुकते." म्हाताऱ्या मेंदूत या प्रथिनांची ये-जा बिघडली की पेशी मरतात, आठवण जाते, असंही सांगायच्या. मग चालण्यानं ती वाढतात म्हणून भर उन्हात मैदानाला फेऱ्या. परीक्षेत यातलं काही कधी आलं नाही.

पुढे म्हातारपणी त्याच बाईंना विसरण्याचा आजार झाला, तेव्हा मला देवाचा रागच आला. आधी त्यांची गुजराती गेली, मग वर्गातली मराठी. उरली लहानपणची अहिराणी. त्यांच्या मुलाला ती समजते, बोलता येत नाही, सून सुरतेचीच, गुजराती. "बा कंई बोलतां ज नथी," ती मला दारातच म्हणाली, सासूबाई काही बोलतच नाहीत म्हणून. भरल्या घरात बाई एकट्या पडल्या होत्या.

मी दर रविवारी जाऊ लागले. खरं तर माझ्यासाठीही. आई गेल्यापासून माझ्याशी अहिराणी बोलणारं कुणी नव्हतं. माझी मुलं हिंदीत उत्तर देतात.

"कोन शे वं तू?" बाई दर वेळी विचारत.

"तुमना वर्गनी पोर."

मग त्यांच्या गावची विहीर, गुरं, धाकटी बहीण. माझ्या गप्पांनी मेंदूत प्रथिनं वाढली, असं कुठला डॉक्टर म्हणणार नाही. शब्द कमीच होत गेले, आणि पावसाळ्यात बाई गप्पच झाल्या.

श्रावणात मुलानं आईसाठी कानबाई, आमची खानदेशी देवी, घरात बसवली. कानबाईचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत. मला नियम ठाऊक, म्हणून मी चहा घेऊन बाजूला बसले. बाईंनी रोटाचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे हात लांब केला. हात पोचत नव्हता.

"आई, ताई आपल्या भाऊबंदांतल्या नाहीत," मुलगा हळूच म्हणाला.

"खाई ले," बाई मला म्हणाल्या. "घरनी शे तू."

मी उठून जवळ गेले आणि त्यांच्या हातून खाल्ला. मला रडू आवरलं नाही.

त्यानंतर बाई बोललेल्या नाहीत. मी कोण, हेही विचारत नाहीत. मी रविवारी जाते, त्यांचा हात हातात घेते आणि काल नवं कुणाशी बोलले ते सांगते. पुष्कळदा सांगायला कुणी नसतं. मग आम्ही दोघी नुसत्या बसून राहतो.