अर्धवट कातरलेली पाहुणी

मोहोळच्या समस्त भावकीला, सोलापूरच्या दोस्तांना आणि कळपातल्या मेंढरांनाही अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या कुटुंबाचा परतीचा बेत एका अस्वलामुळे धोक्यात आला आहे. रडू नये. आधी ऐकावे.

सोलापूर स्टेशनावरचा तो दिवस आठवतो का? गिरणीतल्या साहेबाचा स्वयंपाकी म्हणून मी विलायतेला निघालो होतो. तुम्ही हार घातलेत. माझ्या वडलांनी, आबांनी, मात्र खिडकीतून घोंगडं आत सारलं आणि म्हणाले, "जितं जित्राब आपल्या हाकंला वळतं, तितं आपलं घर." गाडी हलली तरी घोंगड्याचं दुसरं टोक त्यांच्याच मुठीत! विलायत राहिली असती बाजूला, मीच घोंगड्यासकट फलाटावर ओढला गेलो असतो.

पुढे साहेब वारले आणि मी लंडनमधल्या हिंदुस्थानी विद्यार्थ्यांच्या खाणावळीत पोळ्या लाटू लागलो. मग कोंडाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, बोलावून घेतलं. तिकडे ती पहाटेपासून अख्ख्या कळपाशी भांडायची. इथे खिडकीतून मुकाट ट्राम बघत बसे. एक दिवस म्हणाली, "हितं कुत्रंसुदीक पट्ट्यानं बांधून हिंडवत्यात. मला बोटीत बसवा." ट्रंकही भरली. म्हटलं, जाण्याआधी चीनहून आलेलं पांडा नावाच्या अस्वलाचं पिल्लू तरी बघ; सगळं लंडन त्याच्यापायी खुळावलंय.

प्राणिसंग्रहालयात ती आबांचं घोंगडं पांघरून आली. अर्धे लोक पांडा सोडून तिच्याकडेच बघू लागले. ती मुसंडी मारून थेट कठड्याशी पोचली. समोर पिल्लू बूड टेकून बांबू चघळत होतं. हातपाय काळे, कान काळे, डोळ्यांभोवती काळं, बाकी अंग पांढरं.

आता आमची मेंढरं काळीभोर. लोकर उतरली की खालचं फिकं अंग दिसतं. आणि आमच्यात कातरणीला बसलेला माणूस मेंढरू अर्धवट सोडून पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. कोंडाबाईनं कमरेवर हात ठेवले आणि टोपीवाल्या रखवालदाराला झापलं, "का रं बाबा, अंग कातरलंस न् हातपाय तसंच ठिवलंस व्हय? जेवायला गेलतास जनू!"

त्यानं अदबीनं टोपी उचलली. "येस, मॅडम."

"बगा, कबूल करतोय!"

"अगं, त्याचा रंगच तसा हाय," मी पुटपुटलो.

"तुमी गप बसा. पोळ्या लाटून मेंढरं इसरलासा."

आणि तिनं माळावरची हाक घातली, "हुर्रऽऽ यो, यो!" पिल्लानं बांबू टाकला. कान टवकारले, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि सरळ तिच्या पुढ्यात येऊन बसलं. गोऱ्या लोकांनी टाळ्या पिटल्या. कोंडाबाई हसली, मोहोळात ओढ्यापलीकडे ऐकू जायचं तसं, लंडनला आल्यापासून पहिल्यांदा.

आबा, तुमचं घोंगडं तिच्या खांद्यावर होतं आणि तुमचं बोलणं माझ्या कानात.

मी भीत भीत विचारलं, "मग, बोटीचं तिकीट काढू?"

भर गर्दीत ती कडाडली, "बोट ऱ्हाऊ द्या! आदी ह्या लेकराची कातरनी पुरी हुंद्या की!"