मावशीकडचा मुका कंप्युटर

आधीच एक सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये वाद नको. आमच्या घरात भूत, आत्मा, अंगात येणं यातलं काहीही चालत नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं घराबाहेर गेलं. लहानपणी मी एकदा "त्या चिंचेवर हडळ आहे" म्हणालो, तर वडिलांनी मला भरदुपारी त्याच चिंचेखाली बसवून एकोणतीसचा पाढा पाठ करायला लावला होता. हडळ काही आली नाही, पाढा मात्र अजून येतो.

त्यात माझा धंदा कंप्युटर रिपेअरिंगचा. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनला छोटा गाळा, राहायला बदलापूर पूर्वेला. बंद पडलेल्या मशीनला काहीतरी कारण असतंच आणि ते शोधलं की सापडतं, यावर माझं घर चालतं. तेव्हा हे जे लिहितोय ते घाबरलो म्हणून लिहीत नाहीये... लाज वाटते म्हणून लिहितोय.

माझी सुमन मावशी अंबरनाथ पश्चिमेला राहते. दोन खोल्यांचं बैठं घर, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत. तिचे मिस्टर, म्हणजे आमचे काका, फॅक्टरीतून रिटायर झालेले. विहारात दर पौर्णिमेला वंदना तेच घ्यायचे. आवाज काही गायकाचा नव्हता, पण इतका सावकाश आणि स्वच्छ, की ज्याला पाठ नाही त्यालाही मागोमाग म्हणता यायचं. विहारातल्या लोकांनी म्हटलं, काकांचं एकदा रेकॉर्डिंग करून ठेवा. ते काम अर्थातच घरच्या कंप्युटरवाल्याकडे आलं.

एका रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन गेलो. मावशी वांगणीला साखरपुड्याला गेली होती, घरात आम्ही दोघंच. काका पांढरा सदरा घालून बसले होते, जणू फोटो काढायचाय. चाळीस मिनिटं म्हणाले. मध्ये गंमत झाली... मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि विसरलो. करपल्याचा वास आला तसा मी "अरे बापरे!" करत आत पळालो. काकांना हसू आवरेना. नंतर दोघांनी मिळून ते पातेलं राखेनं घासलं. काका म्हणाले, "मिलिंदा, हे आपल्या दोघांत. तुझ्या मावशीचं आवडतं पातेलं आहे." मी म्हटलं, काका, रेकॉर्डिंग चालूच आहे, हे हसणं-घासणं मी कापून टाकतो.

काही कापावं लागलं नाही. गाळ्यावर येऊन फाईल उघडली तर सरळ रेघ.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे. त्यात रेकॉर्डिंग कशातून करायचं हे निवडावं लागतं. मी आदल्या दिवशी दुसऱ्या कामासाठी 'मॉनिटर' निवडून ठेवलं होतं, म्हणजे माईकचं नाही, कंप्युटर स्वतः जे वाजवेल ते रेकॉर्ड होणार. आणि कंप्युटर काहीच वाजवत नव्हता. काका चाळीस मिनिटं भिंतीशी बोलले म्हणा ना. सुरू करताना पाच सेकंद ऐकून बघायचं, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना रोज सांगतो. त्या दिवशी मी स्वतः बघितलं नाही, कारण मला घरी जाऊन मॅच बघायची होती.

पुढच्या रविवारी परत करू, असं मनात म्हटलं. तो रविवार सात महिने आला नाही, आणि मग काका गेले. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. कुणीतरी म्हणालं, आता विहारात तसा आवाज नाही. मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "आवाज आहे ना. मिलिंदकडे आहे यांचा आवाज." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. खरं सांगायची तीच वेळ होती, पण मी हो म्हणून मान हलवली.

मग मावशीचे फोन सुरू झाले. रागावून नाही, अगदी संकोचून. "तुला वेळ झाला की दे रे." दोन महिने मी टोलवलं. शेवटी मी जे केलं ते कुठल्या तोंडानं सांगू...

गाळ्यात एक जुना डेस्कटॉप पडला होता, कॅम्पातल्या एका जीन्सच्या कारखान्यातून आलेला. तिथल्या शेठनं मला कधीतरी सांगितलं होतं, "साईं, इसका आवाज ही खतम कर दो, सब काम छोडके व्हिडिओ देखते हैं." मी बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मुळातूनच, साउंड बंद करून वर पासवर्ड टाकला होता आणि मागच्या स्पीकरच्या जॅकमध्ये गोंद भरून ठेवला होता. आत बीप वाजवणारा बारका स्पीकरसुद्धा नव्हता. असा ठार मुका कंप्युटर. मी त्यावर लिनक्स टाकलं, ती रिकामी फाईल 'काका' नावानं डेस्कटॉपवर ठेवली आणि मावशीकडे नेऊन लावला. स्पीकर दिलेच नाहीत. म्हटलं, "मावशी, यात साउंडचा लफडा आहे, ड्रायव्हर मिळत नाहीये. लिनक्समध्ये होतं असं. मी बघतो." म्हणजे दोष मशीनचा, माझा नाही. फाईल रिकामी आहे हे तिला कधी कळायलाच नको, हा हिशोब. फाईल कशी लावायची तेवढं दाखवलं आणि सटकलो.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "मिलिंदा, आवाज लागला रे! बारीक आहे, पण येतोय."

मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून बोलतेय. किंवा दुःखात माणसाला भास होतात. खरं तर मी तेव्हाच गाडी काढून जायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. चार महिने मी तिकडे फिरकलो नाही. फोनवर ती खूश असायची. रोज सकाळी आंघोळ झाली की लावते म्हणायची.

एका रविवारी अंबरनाथमध्येच काम होतं, सकाळी दहाच्या सुमारास तिच्याकडे गेलो. चहा देताना मावशी गालात हसली.

"पातेलं करपवलंस ना माझं?"

"कुठलं पातेलं?"

"मला काय विचारतोस? 'अरे बापरे' म्हणत पळतोस तू, आणि हे हसतायत वेड्यासारखे. रोज ऐकते मी. दोघं मिळून घासत होतात आणि मी इकडे म्हणतेय, माझं पातेलं एवढं चकाचक कसं!"

मी कप खाली ठेवला. हे फक्त मला आणि काकांना माहीत होतं. काकांनी तिला सांगितलं असेल? मी विचारलं. "यांनी? शेवटपर्यंत नाही बोलले," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर मी सोडलं असतं होय?"

मी म्हटलं, लाव बरं.

तिनं फाईल लावली आणि हात जोडून बसली. पडद्यावर मिनिटं सरकत होती. तिचे ओठ हलत होते, कुणाच्या तरी मागोमाग म्हणावं तसे, मध्ये नेमकं थांबून. मी कान कंप्युटरच्या कॅबिनेटला लावला. पंख्याची घरघर... बस. मला काहीही ऐकू येत नव्हतं. भास आहे, झालं, असं मी स्वतःला समजावत होतो, तेवढ्यात शेजारच्या सरिताताई दारातून डोकावल्या.

"काकी, आज दोनदा लावलंत? मला वाटलं घड्याळच चुकलं माझं. सकाळी काकांचा आवाज आला की मी भात टाकते."

इथे मला उठून घरी जाता आलं असतं. पण रिपेअरवाल्याची खोड... कीबोर्ड ओढला. टर्मिनल उघडून साउंड कार्डांची यादी मागितली. उत्तर आलं, 'नो साउंडकार्ड्स फाउंड'. सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट', म्हणजे आवाज जायला जागाच नाही. मागे बघितलं, जॅकमधला गोंद तसाच. जुने लॉग, म्हणजे मशीन स्वतःच ठेवतं त्या रोजच्या नोंदी, काढले. मशीन मावशीकडे आणल्यापासून एकाही दिवशी साउंड कार्ड सापडल्याची नोंद नाही. मग मी ती फाईल एडिटरमध्ये उघडली.

मावशी मागे उभी होती, माझ्या लक्षातच नाही.

"ही रेघ कसली रे?"

"आवाजाची."

"मग अशी सरळ का?"

तिनं पडद्यावरच्या त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लाव परत." मी लावली. ती हात जोडून बसली. एक मिनिट, दोन मिनिटं. ओठ हलले नाहीत. तिनं खुर्ची जवळ ओढली, मी लावला होता तसा कान डब्याला लावला. सरिताताई अजून दारातच होत्या, त्यांच्याकडे तिनं बघितलं. त्यांनी मान हलवली, नाही.

"गेला," मावशी म्हणाली. "मिलिंदा, आवाज गेला."

दुसऱ्या दिवशी मी यूएसबीचं साउंड कार्ड घेऊन गेलो, दोन चांगले स्पीकर लावले. आता त्यावर सगळं वाजतं, सगळं खणखणीत वाजतं. फक्त ती फाईल वाजत नाही. वाजणार कशी, तिच्यात काही नाहीच.

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. मॉनिटरचं, मॅचचं, कारखान्याच्या मुक्या मशीनचं, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर ऊठ इथून म्हणेल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "रेकॉर्डिंग झालं नाही, ठीक आहे, चुकतं माणूस. खोटं बोललास तेही सोड. पण चालू होतं ना रे? मग हात कशाला लावलास?"

दिवाळी झाली, थंडी गेली. मावशी माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, पण काकांचं नाव माझ्यासमोर काढत नाही. सरिताताई म्हणतात, सकाळी ती अजून कंप्युटर लावून चाळीस मिनिटं बसते. ती फाईल लावते की दुसरं काही, ते मी विचारलेलं नाही.

इथे माझ्यापेक्षा जास्त कळणारे लोक आहेत म्हणून लिहिलं. लॉग माझ्याकडे जपून ठेवलेत, हवे त्याला पाठवतो. आवाज कुठून येत होता हे कुणाला सांगता आलं तर सांगाच. पण मला त्याहून दुसरंच खातंय. भिंतीपलीकडच्या बाईला तो ऐकू येत होता. मी डब्याला कान लावून बसलो होतो... मलाच का नाही आला?