मर्व्हने घर कुलपात घातलं

मर्व्ह टिंडलचा जन्म मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेला. एखादं काम अर्धवट करणं त्याच्या रक्तातच नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

टास्मानियातल्या आमच्या मुलांच्या मानसोपचार वॉर्डात मी नर्स आहे. किरा नावाची पंधरा वर्षांची पोरगी आमच्याकडे होती. आईबापांचा पत्ता नाही. सांभाळायला नेणारी सहा घरं झाली, सहाही फिसकटली. जिवाचं बरंवाईट करून घेईल ही धास्ती कायम. मर्व्ह आणि त्याची बायको नोलीन हे सातवं घर. त्या दोघांनीही नको म्हटलं, तर किराची रवानगी शहरातल्या वसतिगृहात, जिथं माया करणारी माणसंसुद्धा पाळीप्रमाणे बदलतात. मला ते अजिबात नको होतं.

पहिल्यांदा दोन दिवस ती त्यांच्याकडे राहणार, म्हणून मी मर्व्हला बजावलं, "धारदार वस्तू, औषधं, दोऱ्या, सगळं कुलपात ठेव."

"सगळं?"

"सगळं."

या माणसाला असं सांगू नये. त्याने सुऱ्या, काटे, डबे फोडायचं यंत्र, बुटांच्या नाड्या, कुत्र्याचा पट्टा, स्वतःचा पट्टा आणि नोलीनचं अर्धं विणलेलं स्वेटर मागच्या शेडमध्ये कोंडलं. किल्ली इतक्या हुशारीने लपवली की त्यालाच सापडेना.

रविवारी संध्याकाळी किरा परत आली. बाहीला रस्सा लागलेला. मागून मर्व्ह, एका हाताने पँट सावरत.

"सिस्टर, आम्ही मटणाची अख्खी तंगडी चमच्याने खाल्ली," तो खाली मान घालून म्हणाला.

"खाल्ली कसली, ओढली," किरा म्हणाली. "एकीकडून मी, दुसरीकडून हा. नोलीन कुत्र्याला अडवत होती."

"कुठं अडवला? अर्धी त्यानेच नेली."

मी मनात म्हटलं, झालं, गेलं सातवं घर. मर्व्ह पँट धरून गाडीकडे निघाल्यावर मी हळूच विचारलं, "दुसरं घर बघायचं का गं?"

"कशाला?" ती माझ्यावरच खेकसली. "आधीच्या घरांत सगळ्यांना काटा-सुरी, आणि मला एकटीला प्लॅस्टिकचा चमचा. इथं तिघांनाही चमचाच होता." मग बाही चोळत म्हणाली, "डॉक्टरला सांग, पुढच्या शनिवारी मला दुपारी नको, सकाळीच सोडा."