क्रिएटिव्ह रायटिंगसाठी लावलेला कौल

आधीच सांगते, मी केमिस्ट्रीवाली. महाड एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये टायट्रेशन करते... रंग बदलला तर बदलला, नाहीतर नाही. देवाधर्मातल्या चमत्कारांची मी कायम टिंगल केली.

पण डोक्यात वर्षभर एकच किडा. क्रिएटिव्ह रायटिंग शिकायचं! लंच ब्रेकमध्ये मोबाइलवर शोधत बसायचे. पुण्यात इंग्रजीचं एम.ए., त्यात लेखनाचा एक पेपर. मुंबईत वर्षाचा डिप्लोमा. आणि एका विद्यापीठात सरळ याच विषयातलं दोन वर्षांचं एम.ए. मला तेच हवं होतं. त्यासाठी स्वतः लिहिलेली कथा जोडायची होती.

माझे वडील, आबा, म्हणाले, "लिवायला कालेज कशाला गो? चांगली पर्मनंट नोकरी हाय, ती सोडतेस?" शेवटी त्यांचा नेहमीचा तोडगा... कापड्याला, आमच्या गावात, ग्रामदैवताला कौल लावायचा. मी हो म्हटलं. फॉर्मची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती, आणि आबांशी भांडून जायची माझ्यात हिंमत नव्हती.

सकाळी अकराची वेळ. गुरवकाकांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. मग डोळे मिटून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा, लेकरू शिकाया जातंय... आणि त्याच सुरात, न थांबता—

"आयशीचं गाणं बांधापर्यंत पोचायच्या आत चिखलात बुडायचं."

हे माझ्या कथेतलं वाक्य होतं! त्याच सकाळी लिहिलेलं. वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, कोणाला दाखवलेली नाही. शिवाय माझी खरी आई तर कधीच गात नाही. ते मी मनाने रचलं होतं.

डावी कळी पडली.

"काका, मघाशी गाण्याचं काय बोललात?"

"गाण्याचं? मी कशाला गाण्याचं बोलू, पोरी?"

मला भास झाला असेल, असं मी स्वतःला समजावत होते. पण पायऱ्या उतरल्यावर आबा गाडीला किल्ली लावून तसेच उभे राहिले. चालू करेनात.

"लगीन झालं तवा तुझी आई गायची," ते म्हणाले. "भाताच्या लावणीला. लोक हसतात म्हणून मीच बंद केलं. तुला कोणी सांगितलं नसंल. आज त्या गुरवाला कसं म्हाईत?"

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

"फॉर्म कुठं भरायचा?" त्यांनी विचारलं.

"पोलादपूरला... इथे नेट नाही. पण आबा, कौल?"

"बस मागं."

देवाचा शब्द आबांनी आयुष्यात तेवढा एकदाच मोडला.

फॉर्म गेला. मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे सरांनी तेच वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "ही आई खरी, की कल्पनेतली?"

"लिहिताना कल्पनेतली होती," मी म्हटलं.